झिरो पीसीबीवर जुन्या स्टाइलने हाताने वायरिंग कसं करायचं, आणि दुसऱ्याने केलेलं कसं वाचायचं

सोल्डरिंग कोणालाही दोन रविवारात जमतं, झिरो पीसीबीवर, म्हणजे नुसती भोकं आणि तांब्याच्या टिकल्या असलेल्या कोऱ्या बोर्डवर, हाताने केलेलं वायरिंग फसतं ते कागदावरच्या आळसामुळे. हे आधीच सांगून टाकते कारण पुढे मी वायरलिस्ट, वायरलिस्ट (म्हणजे कोणती तार कुठून कुठे जाते त्याची यादी) करत तुमचं डोकं खाणार आहे आणि अर्धे लोक तो भाग सोडून थेट आयर्न गरम करायला जातील, आणि मग रात्री विचारतील की ताई डिस्प्लेवर नऊच दिसतोय, काय करू. (नऊच का दिसतो त्याचं उत्तरही खाली आहे.)

आता पीसीबीची फाइल पाठवली की बोर्ड बनून घरी येतो, हे खरंय. पण ज्यांना जुनी इलेक्ट्रॉनिक्स आवडते, म्हणजे ७४ सिरीजच्या लॉजिक आयसी, लाल सेगमेंट डिस्प्ले, वगैरे, त्यांना एकदा तरी बोर्ड हाताने करावाच लागतो, कारण त्या काळातला जवळजवळ प्रत्येक प्रोटोटाइप असाच बनायचा. व्हॉल्व्ह रेडिओत टॅगस्ट्रिपवर, म्हणजे धातूच्या कड्या लावलेल्या पट्टीवर, पार्ट सरळ एकमेकांना जोडलेले असायचे, मग साधारण १९५० च्या सुमारास बेल लॅब्समधून वायररॅप आलं, म्हणजे चौकोनी पिनेला उघडी तार घट्ट गुंडाळायची, सोल्डर नाहीच. ऐकायला कच्चं काम वाटतं पण पिनेच्या धारदार कोपऱ्यांवर तार इतकी दाबली जाते की तिथे हवासुद्धा शिरत नाही, त्यामुळे सांधा गंजत नाही. डेक कंपनीचा पीडीपी-८ कॉम्प्युटर (१९६५) मागून बघितला तर तारांचं जंगल दिसतं ते हेच, आणि अपोलोच्या कॉम्प्युटरमध्येही लॉजिक मॉड्यूल असेच जोडलेले होते. १९८४ मध्ये अमिगा या घरगुती कॉम्प्युटरच्या कस्टम चिप अजून तयार नव्हत्या तेव्हा एकेका चिपच्या जागी साध्या लॉजिक आयसींच्या हाताने जोडलेल्या बोर्डांची चळत लावून ते मशीन दाखवलं होतं. एका चिपसाठी अख्खी चळत! आणि कोणती तार कुठून कुठे जाते हे कागदावर असल्याशिवाय ती चळत चाललीच नसती.

आपण एवढं मोठं काही करत नाही आहोत. शून्य ते नऊ मोजणारा काउंटर करू, ५५५ (ठोके म्हणजे क्लॉक देणारी आयसी), ७४९० (ते ठोके मोजणारी), ७४४७ (मोजलेला आकडा डिस्प्लेवर दाखवणारी) आणि एक डिस्प्ले. साधा आहे, पण हाताने वायरिंग करताना जे जे फसतं ते सगळं यात एकदा तरी फसतं म्हणून शिकायला बेस्ट.

आधी सामान. इंदूरमध्ये असाल तर जेल रोडला नॉव्हेल्टी मार्केटच्या आसपास चक्कर मारा, आता तिकडे मोबाइलचंच राज्य आहे पण पार्टवाले अजून सापडतात, फक्त संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत काउंटरवर कोणी तुम्हाला सुटे आयसी दाखवत बसणार नाही. दुकानात "जीपीबी" किंवा "झिरो पीसीबी" म्हणा, भोकांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर म्हणजे ०.१ इंच असतं, जवळजवळ सगळ्या जुन्या डिप आयसी, म्हणजे दोन्ही बाजूंना पिनांची रांग असलेल्या, त्यात बसतात. दोन प्रकार मिळतात, पिवळसर तपकिरी फिनॉलिकचा स्वस्त आणि हिरवा ग्लास इपॉक्सीचा महाग. हिरवाच घ्या. फिनॉलिकवर एकच जागा दोनदा गरम केली की तांब्याची टिकली निघून हातात येते, आणि शिकताना एकच जागा दोनदा काय चारदा गरम होते. सोबत आयसी बेस घ्या, ८, १४ आणि १६ पिनचा एकेक. आयसी डायरेक्ट सोल्डर करायची नाही, कितीही कॉन्फिडन्स असला तरी नाही.

७४९० आणि ७४४७ आता जुना स्टॉक म्हणूनच मिळतात, ७४एलएस९० आणि ७४एलएस४७ मिळाले तर उत्तम, पिना त्याच, करंट कमी खातात. बाजारात पुसून परत नंबर छापलेल्या आयसीही फिरतात, संशय आला तर कापसाला थोडं अ‍ॅसिटोन लावून वरचा छाप घासा, रंग निघून खाली दुसरंच काही दिसलं तर तिथल्या तिथे परत करा. अटाल्यातल्या, म्हणजे भंगारातल्या, बोर्डवरून काढलेल्या आयसी उलट जास्त भरवशाच्या असतात असं माझं मत आहे, निदान त्या कधीतरी चालत तरी होत्या. डिस्प्ले कॉमन अ‍ॅनोडच लागेल, म्हणजे सगळ्या सेगमेंटचं प्लस टोक एकाच कॉमन पिनवर असलेला, एलटी ५४२ मागा, ५४३ कॉमन कॅथोड असतो तो ७४४७ ला चालत नाही, दोन्ही दिसायला सेम. घरी आल्यावर मल्टीमीटर डायोड मोडला ठेवून लाल प्रोब कॉमन पिनवर आणि काळी बाकीच्यांवर फिरवा, सेगमेंट मंद पेटतात, आणि कुठली पिन ए, कुठली बी हे तेव्हाच लिहून घ्या, दुकानदाराच्या चिठ्ठीवर विसंबू नका.

तार दोन प्रकारची लागेल. पॉवरसाठी जाड, लॅन केबल सोलली की आतून सिंगल स्ट्रँड तार निघते ती छान, साधारण अर्धा मिलिमीटर. सिग्नलसाठी बारीक, ३० गेजची वायररॅप तार मिळाली तर सोनं, नाहीतर ०.२ मिलिमीटरची एनॅमल तार. आता एनॅमलमध्ये एक गोची आहे, मोटर वाइंडिंगच्या दुकानात जी तार मिळते तिचं कोटिंग उष्णता सहन करायलाच बनवलेलं असतं त्यामुळे आयर्नने ते जळत नाही, ब्लेडने खरवडत बसावं लागतं, आणि एखादं टोक नीट खरवडलं गेलं नाही तर वरून सोल्डर चमकतं आणि आतून कनेक्शन नाही, मग शोधत बसा. पॉलियुरेथेन कोटिंगवाली तार मागा, ती सोल्डरच्या थेंबात दोन-तीन सेकंद धरली की आपोआप साफ होते, थोडा धूर निघतो, खिडकी उघडी ठेवा. तो धूर तोंडावर घेऊ नका.

आयर्न २५ वॉटचं पुरतं. सोल्डर ६०/४०, आत रोझिनवालं. हार्डवेअरच्या दुकानातली नळाच्या कामाची पेस्ट अजिबात नको, त्यात अ‍ॅसिडी फ्लक्स असतो, बोर्ड आज चालेल आणि एका पावसाळ्यानंतर पिना हिरव्या होतील. सोल्डरमध्ये शिसं आहे, काम झालं की हात धुवूनच पोहे खा.

आता कागद.

एक वही घ्या आणि प्रत्येक जोडणी एका ओळीत लिहा, कुठून, कुठे, कुठला रंग, आणि शेवटी टिक करायला मोकळी जागा. सर्किट डायग्राम म्हणजे वायरलिस्ट नव्हे, डायग्राममध्ये आयसीच्या पिना सोयीप्रमाणे काढलेल्या असतात, प्रत्यक्षात त्या तशा नसतात, आणि आयर्न हातात असताना डायग्रामवरून पिन नंबर शोधायला गेलं की दर पाचव्या तारेला चूक ठरलेली. आपल्या काउंटरची लिस्ट अशी बनते.

५५५ ची १ ग्राउंड, ४ आणि ८ प्लस पाचला. ७ आणि प्लसच्या मध्ये १० के, ७ आणि ६ च्या मध्ये ६८ के, ६ आणि २ एकमेकांना, तिथून १० मायक्रोफॅरड ग्राउंडला, मायनसची पट्टी ग्राउंडकडे. ५ वरून एक १०३ (०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर) ग्राउंडला. फॉर्म्युला १.४४ भागिले (पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर, या किमती टाकल्या की ०.९९ हर्ट्झच्या जवळ येतं, म्हणजे सेकंदाला साधारण एक आकडा. घड्याळ म्हणून वापरू नका, इलेक्ट्रोलिटिकची किंमत छापल्याप्रमाणे कधीच नसते.

७४९० ची ५ प्लसला आणि १० ग्राउंडला. हो, पाच आणि दहा! जवळपास सगळ्या ७४ मध्ये पॉवर कोपऱ्यातल्या पिनांवर असते, १४ आणि ७, पण ७४९० मध्ये मधोमध आहे आणि सवयीने कोपऱ्यात पॉवर देणारे खूप सापडतात. २, ३, ६, ७ या चारही ग्राउंडला. १२ ची तार १ ला. ५५५ ची ३ इथल्या १४ ला.

७४९० पासून ७४४७ कडे चार तारा: १२ वरून ७, ९ वरून १, ८ वरून २, ११ वरून ६. ७४४७ ची १६ प्लस, ८ ग्राउंड, ३ आणि ५ या दोन्ही वेगवेगळ्या १ के मधून प्लसला, ४ मोकळी सोडा. मग डिस्प्ले, १३ वरून ए, १२ बी, ११ सी, १० डी, ९ ई, १५ एफ, १४ जी, प्रत्येक तारेत ३३० ओहमचा एक रेझिस्टर, आणि डिस्प्लेची कॉमन पिन थेट प्लसला. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर कॉमन पिनवर लावायचा शॉर्टकट काही लोक सांगतात, तो लावला तर १ झगझगीत आणि ८ मलूल दिसतो, करू नका.

लिस्ट झाली की बेस बोर्डवर नुसते ठेवून बघा. सगळ्या आयसींच्या खाचा एकाच दिशेला, दोन बेसच्या मध्ये निदान तीन-चार भोकं रिकामी, आणि डिस्प्लेच्या बाजूला सात रेझिस्टर उभे राहतील एवढी जागा. मग बोर्ड उलटा करा, आणि इथे खरी मजा सुरू होते कारण मागून सगळं आरशात दिसतं तसं उलटं असतं, समोरून डावीकडे असलेली १ नंबरची पिन मागून उजवीकडे. डोक्यात उलटं करत काम करू नका. बेसच्या आकाराची कागदाची चिठ्ठी कापा, मागून दिसतील तसे पिन नंबर लिहा, पिनांवर दाबून बसवा आणि मगच सोल्डर करा. वायररॅपवाले असेच छापील प्लास्टिकचे तुकडे पिनांवर बसवायचे, आपला कागद फुकट.

पहिली तार पॉवरची. बोर्डच्या एका कडेने प्लसची जाड तार, दुसऱ्या कडेने ग्राउंडची, आणि तिथून प्रत्येक बेसला फाटा. प्रत्येक आयसीच्या प्लस आणि ग्राउंड पिनांमध्ये एक १०४ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक, जितका पिनेजवळ जमेल तितका जवळ. हा कपॅसिटर शोभेचा नाहीये. टीटीएलचं, म्हणजे या ७४ सिरीजच्या आयसींचं, आउटपुट वर-खाली होताना क्षणभर पॉवरमधून मोठा झटका ओढतं, लांब बारीक तारेतून तो मिळत नाही मग शेजारच्या आयसीची पॉवर डुगडुगते आणि काउंटर मधेच दोन आकडे उडी मारतो. पॉवर जिथून आत येते तिथे एक १०० मायक्रोफॅरडही लावा.

पाच व्होल्टसाठी ७८०५ रेग्युलेटर. हा काउंटर साधारण दीडशे ते दोनशे मिलिअँपिअर खातो, साधी ७४ असेल तर जास्तीकडे, एलएस असेल तर कमी. ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला तर रेग्युलेटरवर चार व्होल्ट पडतात, म्हणजे पाऊण वॉटच्या आसपास उष्णता, छोटी हीट सिंक पुरते. १२ चा लावला तर जवळजवळ दुप्पट, बोट ठेववणार नाही. घरात ९ चा नसेल तर आणा पण, उगाच १२ वर चालवू नका.

सिग्नलच्या तारा लिस्टच्या क्रमानेच टाकायच्या, एक टाकली की मल्टीमीटरने बीप (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो मोड), बीप आला की वहीत टिक, मग पुढची. शेवटी एकदम चेक करू म्हणणाऱ्यांना शुभेच्छा. रंग ठरवून ठेवा, लाल प्लस, काळा ग्राउंड, पिवळा क्लॉक, बाकी जे असेल ते. पिनेला तारेचा आकडा करून अडकवायचा, आयर्न पिनेला लावायचं, सोल्डर पिनेला लावायचं, दोन-तीन सेकंदात वितळून पसरलं की काढायचं. आयर्नच्या टोकावर सोल्डरचा गोळा घेऊन तो पिनेवर आणून ठेवायची पद्धत आपल्याकडे रिपेअरवाल्यांमध्ये फार आहे, त्यात फ्लक्स वाटेतच जळून जातो आणि सांधा दाणेदार, फिकट होतो.

आणि तार ताणू नका. सुंदर सरळ रेषेत, काटकोनात, दोऱ्याने बांधलेल्या जुड्या बघायला फार छान वाटतात, पण ताणून बसवलेली तार दुसऱ्या पिनेच्या कोपऱ्यावर टेकली की तिचं प्लास्टिक वर्षानुवर्षं दबत दबत कापलं जातं, टेफ्लॉनला तर हा रोगच आहे, आणि एक दिवस आतलं तांबं पिनेला लागतं. दुसरं म्हणजे वेग. एक हर्ट्झला तार कशीही फिरवा, काही फरक नाही, पण मेगाहर्ट्झमध्ये क्लॉक चालणारं काही करायला गेलात तर शेजारी शेजारी बांधलेल्या तारा एकमेकांत बोलायला लागतात, म्हणून तिथे सगळ्यात जवळचा रस्ता, कर्णरेषेत, दिसायला गबाळं. क्रे-१ या सुपरकॉम्प्युटरच्या (१९७६) मागे हाताने जोडलेल्या तारांच्या पिळलेल्या जोड्या होत्या आणि तारेची लांबीसुद्धा सिग्नलच्या वेळेच्या हिशोबाने ठरवायचे, त्यामुळे दिसायला नीटनेटकं म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढा. मागून शेवया दिसल्या तरी चालतील, वहीत टिक पाहिजे.

सगळ्या टिक झाल्या की आयसी न लावता आधी प्लस आणि ग्राउंडमध्ये बीप येतो का बघा, आला तर थांबा, शॉर्ट आहे. नाही आला तर अ‍ॅडॅप्टर लावून प्रत्येक बेसच्या पॉवर पिनांवर ५ व्होल्ट मोजा, ५५५ ला ८ आणि १, ७४९० ला ५ आणि १०, ७४४७ ला १६ आणि ८. मग पॉवर काढून फक्त ७४४७ आणि डिस्प्ले लावा, पॉवर द्या आणि ७४४७ च्या ३ नंबरला एका तारेने ग्राउंड टच करा, आपण ती १ के मधून दिलीये म्हणून काही जळत नाही. सगळे सातही सेगमेंट पेटून ८ दिसला पाहिजे, एखादा नाही पेटला तर त्याच्याच तारेत आणि रेझिस्टरमध्ये दोष, बाकी कुठे बघायची गरज नाही. मग ७४९०, मग ५५५, दरवेळी पॉवर काढूनच.

आता तो नऊ. टीटीएलची इनपुट मोकळी सोडली की ती स्वतःला हाय समजते. ७४९० च्या ६ आणि ७ दोन्ही सुटलेल्या असतील तर काउंटर नऊवर अडकतो, २ आणि ३ दोन्ही सुटलेल्या असतील तर शून्यावर, चारही सुटलेल्या असतील तर नऊच जिंकतो. दोनच आकडे आलटून पालटून दिसत असतील, समजा ० १ ० १, तर १२ ते १ ची तार राहिली. आकडे ० १ ४ ५ २ ३ ६ ७ ८ ९ असे येत असतील तर ९ आणि ८ च्या तारा ७४४७ ला उलटसुलट गेल्यात, म्हणजे बी आणि सी ची अदलाबदल. डिस्प्ले बघून नेमकी तार सांगता येते, म्हणूनच मला हे सर्किट आवडतं. आणि ६ ला वरची दांडी नाही आणि ९ ला खालची नाही म्हणून घाबरू नका, ७४४७ चा ६ आणि ९ असाच असतो, दांडीवाला हवा तर ७४२४७ शोधा. ५५५ काढून १४ ला पुशबटण लावायचा मोह होईल, एकदा दाबलं की दोन-तीन आकडे पुढे जाईल, बटणाचे पत्रे उड्या मारतात, त्यात आयसीचा काही दोष नाही.

राहिलं दुसऱ्याने केलेलं वाचणं. अटाल्यात, जुन्या लॅबच्या भंगारात, एखाद्या काकांच्या माळ्यावर हाताने वायरिंग केलेले बोर्ड मिळतात, आणि वही बहुतेक वेळा सोबत नसतेच. पहिलं काम, पॉवर द्यायची नाही. दुसरं, दोन्ही बाजूंचे चांगल्या उजेडात फोटो, तारा न हलवता. एप्रॉम असेल, म्हणजे वर काचेची खिडकी असलेली चिप, तर खिडकीवरचं स्टिकर सोलू नका, अल्ट्राव्हायोलेटने ती पुसली जाते, सूर्यप्रकाशातही हळूहळू जाते, आणि त्या प्रोग्रॅमची जगात दुसरी कॉपी नसण्याची शक्यता जास्त. स्टिकर निघालंच असेल तर वर काळी टेप लावा. रीडर असलेला कोणी मित्र असेल तर सगळ्यात आधी तिची कॉपी काढून घ्या.

मग लिस्ट उलटी बनवायची. आयसींचे नंबर लिहून डेटाशीटवरून पॉवर पिना काढा आणि आधी ग्राउंडचं जाळं बीप करून वहीत उतरवा, मग प्लसचं. हे दोन झाले की उरलेल्या तारा बऱ्याच कमी वाटतात. मग एकेक आउटपुट पिन घेऊन ती कुठे कुठे जाते ते शोधा, आउटपुटपासून सुरुवात करा, इनपुटपासून केली तर गोल गोल फिराल. डायग्रामवर नसलेल्या, वेगळ्या रंगाच्या, घाईत टाकलेल्या तारा दिसल्या तर त्या काढून "साफ" करू नका, बनवणाऱ्याने नंतर सुचलेली दुरुस्ती त्यांच्यातच असते.

दुरुस्ती करताना आधी पॉवरचे इलेक्ट्रोलिटिक बदला, ते वाळलेले असतातच, मग बेस. जुने स्वस्त बेस आतून काळे पडतात, आयसी थोडी वर उचलून परत दाबली की निम्मे बोर्ड जागे होतात, पण तो तात्पुरता उपाय, बेस बदलता आला तर बदला. वायररॅपची तार काढायची असेल तर उलट फिरवून काढायच्या टूलने काढा, पक्कडीने ओढू नका, आणि काढलेलं टोक परत गुंडाळू नका, ते आधीच कोपऱ्यांनी चिरलेलं असतं. टोक कापून टाका, साधारण एक इंच नवीन सोला, साताठ वेढे उघड्या तारेचे आणि सुरुवातीचा एक वेढा प्लास्टिकसकट म्हणजे तार हलली तरी तुटत नाही. तार आखूड पडली तर जोड देऊ नका, अख्खी नवीन टाका आणि वहीत त्या ओळीसमोर तारीख घाला.